शेवूचं गुणगुणणारं घर

ऐका हं, पण मांडी घालून नीट बसा. गोष्टीत परी आहे, आणि चुळबुळ करणाऱ्यांसमोर यायला ती लाजते.

बांबूच्या बनाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथे शेवू नावाची मुलगी तिच्या बाबांबरोबर राहत होती. बाबांचं नाव सोनबा. टोपल्या विणण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. कुणाच्या घरी लग्न निघालं की रुखवतात सोनबांची टोपली हवीच. लालचुटूक, पिवळीधमक, हिरवीगार, आणि मधोमध पिसारा फुलवून नाचणारा मोर!

पण एका थंडीत बाबांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं आणि ते गेलंच नाही. आधी मोर दिसेनासा झाला, मग टोपली, आणि मग शेवूचा गोल गोल चेहरासुद्धा. रंगवलेल्या पट्ट्यांच्या जुड्या कोपऱ्यात पडून राहिल्या. बाबा दिवसभर भिंतीला टेकून गप्प बसत. शेवू रानातली भाजी खुडून आणी, पातळ आमटी करी आणि स्वतःच्या वाटीतली अर्धी गुपचूप बाबांच्या वाटीत ओती.

एक दिवस बाबांची बहीण, भागूआत्या आली. आत्या मायाळू होती, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

"दादा, ह्ये असं न्हाई चालायचं," ती म्हणाली. "पुनवेला गाडी घिऊन येते. तू माज्याकडं चल, शेवू तिच्या मामाकडं ऱ्हाईल. माजं घर केवढंसं! दोगांना जागा कुठनं आणू?"

"बरं," बाबा म्हणाले.

शेवूला ते 'बरं' मुळीच आवडलं नाही. बाबांशिवाय राहायचं? तिला रडूच कोसळलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती बांबूच्या बनात पळाली.

आणि बघते तर काय, सगळं बन फुललं होतं! बांबूला फुलं फार फार वर्षांनी येतात बरं का. सोनेरी तुरे वाऱ्यावर झुलत होते आणि त्यांतून चमचमती धूळ झरत होती. तेवढ्यात एक बारीकसा आवाज आला, "आई गं!"

बांबूच्या फुटक्या कामटीत एक चिमुकली परी अडकली होती. बोटभर उंचीची, पोपटी झग्याची, दवासारखे पंख असलेली. पंखाचं टोक कामटीच्या धारेत रुतलं होतं.

"हलू नको हं," शेवू हळूच म्हणाली. तिने कामटी फाकवली. धार तिच्या बोटाला कचकन लागली, पण पंख मोकळा होईपर्यंत तिने हात काढला नाही.

परीने भुर्रकन एक गिरकी घेतली आणि ती शेवूच्या खांद्यावर येऊन बसली. "मी वेळूपरी. फुलं आली की येते, फुलं गळाली की जाते. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. माग!"

"माझ्या बाबांचे डोळे बरे कर," शेवू लगेच म्हणाली.

परीचे पंख मिटले. "ते माझ्या हातात नाही गं, सोनुली. माझी जादू घरातल्या वस्तूंवरच चालते. कुठल्या वस्तूने काय करायचं ते तू सुचवायचंस. युक्ती तुझी, जादू माझी. आणि ज्याच्यासाठी युक्ती मागशील, तो माणूस सूर्य मावळायच्या आत मनापासून हसला तरच ती टिकेल. नाहीतर विरून जाईल."

शेवूने डोळे पुसले. युक्त्या तर तिच्या डोक्यात नेहमीच वळवळत असत!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती परीला म्हणाली, "बाबा चालताना ठेचकाळतात. आमच्या पाटाला चालायला शिकव. बाबा वर बसतील आणि पाट त्यांना हवं तिकडे नेईल."

टिंग! पाटाला चार लाकडी पाय फुटले. बाबा बसले मात्र, पाट उधळलाच! अंगणात, परसात, शेळीच्या मागे, पुन्हा अंगणात. शेळी बें बें करत पुढे, पाट खडखडत मागे, आणि बाबा दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. शेवू पोट धरधरून हसली. बाबा हसले नाहीत. खाली उतरून ते पुन्हा भिंतीला टेकले. सूर्य मावळला आणि पाटाचे पाय विरून गेले.

"जेवताना बाबांचा घास सांडतो," दुसरी इच्छा मागताना शेवू म्हणाली. "आमच्या पळीला भरवायला शिकव."

टिंग! पळी तुरुतुरु उडत आली. बाबांनी तोंड उघडलं की आमटी आत!

"अगं शेवू, ह्ये काय..." गुटुक!

"पुरं आता, माज्या..." गुटुक!

"मला बोलू तरी..." गुटुक!

शेवटी बाबांनी तोंडावर हात ठेवला. "मी काय तान्हं बाळ हाय का गं?" ते बोटांच्या फटीतून म्हणाले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की शेवूचं हसू ओठातच राहिलं. दिवे लागायच्या वेळी पळी खणकन खाली पडली.

आता एकच इच्छा उरली होती आणि पौर्णिमा तर जवळ आली होती. सकाळी शेवू बनाकडे निघाली खरी, पण दारातूनच मागे वळली. युक्त्या सुचवायच्या नादात तिने एक गोष्ट केलीच नव्हती. ती बाबांसमोर जाऊन बसली.

"बाबा, तुम्हाला काय हवंय?"

बाबांनी मांडीवरचे हात उघडून बोटं चाळवली. मग म्हणाले, "मला कुनी उचलून न्यावं, भरवावं, असं नगं गं. मला इणायचंय. हातांना समदं येतंय अजून. पन लाल पट्टी कंची आन् हिरवी कंची, ह्ये बोटांना कळत न्हाई. मोराच्या गळ्यात लाल गेली तर त्यो मोर ऱ्हाईल का? कोंबडा व्हईल की!"

शेवू टुणकन उठली आणि बनात पळत सुटली.

"परी गं परी, आमच्या घरातल्या रंगांना आवाज दे! बाबांनी हात जवळ नेला की रंग गुणगुणले पाहिजेत."

परी आनंदाने इतकी लखलखली की शेवूला डोळे बारीक करावे लागले. टिंग टिंग टिंग!

शेवूने पट्ट्यांच्या जुड्या बाबांसमोर मांडल्या. बाबांनी हात पुढे केला. गुंऽऽऽ! भुंग्यासारखा आवाज आला.

"ही लाल, बाबा."

छुन छुन! घुंगरासारखी वाजली ती पिवळी. पानांसारखी सळसळली ती हिरवी. मग बाबांचा हात निळ्या जुडीशी गेला आणि लांबवर कुणी बासरी वाजवावी तसा सूर आला.

"अगं, ह्यो तर मोराचा गळा!" बाबा ओरडले आणि हसले. असे गडगडून हसले की शेळी दचकून चुलीमागे लपली. सूर्य अजून चांगला डोक्यावर होता.

मग काय विचारता! शेवूने उरलेला रंग कालवला आणि सगळं घर रंगवून काढलं. दाराची चौकट निळी, म्हणजे बासरी वाजली की बाहेर जायची वाट. पाण्याच्या माठाचा काठ पिवळा. चुलीभोवती लाल पट्टा, म्हणजे भुंगा गुणगुणला की मागे सरायचं. चिमुकलं घर सकाळपासून गुणगुणू लागलं आणि बाबा घरभर न धडपडता फिरू लागले. त्यांच्या हातांखाली टोपल्या फुलू लागल्या. मोठ्या टोपल्या, छोट्या परड्या आणि बाहुलीला पुरतील एवढ्या टोपलुकल्या!

पौर्णिमेला दुपारीच गाडीची घंटा वाजली. भागूआत्या आत आली आणि उभीच राहिली. बाबा उठले, चालत माठापाशी गेले आणि तांब्या भरून तिच्यासमोर धरला.

"दादा, दिसाया लागलं का तुला?"

"दिसत न्हाई गं. पन घर सांगतंय न्हवं!"

आत्या पाणी प्यायली, तिने पदराने डोळे टिपले, आणि एकेक टोपली उचलून पाहिली. प्रत्येकीवर मोर होता. एकही कोंबडा नव्हता.

"मंग मी गाडी कशाला आणली म्हने?" ती म्हणाली. मग आपणच हसली. "आमच्या बाजारात ह्या टोपल्या हातोहात जातील बग!"

माणसं न्यायला आलेली गाडी टोपल्यांनी भरून गेली. शेवू आपल्या घरीच राहिली, बाबांजवळ.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा बनातली शेवटची फुलं गळत होती. परी तरंगत तरंगत अंगणात आली.

"मी निघाले, शेवू. स्वतःची वाटी अर्धी करणाऱ्या मुलीच्या घरात आता कधी काही कमी पडणार नाही. पण जाण्याआधी मला बाबांना भेटायचंय."

ती बाबांच्या तळहातावर अलगद उतरली आणि उजळू लागली. आधी लाल, मग केशरी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी, आणि मग सगळे रंग एकदम! लख्ख झोत अंगणभर पसरला आणि भुंगा, घुंगरू, पानं, बासरी सगळं एकदम वाजलं. शेवूचे डोळे दिपले आणि तिने ते मिटून घेतले.

उघडले तेव्हा परी नव्हती. बाबा मात्र तसेच उभे होते, तळहात कानाशी धरून. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"शेवू," ते हळूच म्हणाले, "केवढी देखणी हाय गं ती!"