सगुणाबाईचे कावळे

तांबूळदरी गावाच्या खाली, नदीच्या वळणावर महादेवाचे लहानसे देऊळ होते. एका पौषात सावळगिरी महाराज तिथे मुक्कामाला आले आणि गावाचे भाग्य उजळले. गावाला ते कळायला मात्र थोडा वेळ लागला!

पौषात त्या मुलखात ज्वारी हुरड्यावर येते. शिवारात पाहावे तिथे माळे, आणि माळ्यावर गोफण घेतलेला राखणदार. सगळा गाव पाखरांना हाकलत असे आणि हैबती पाटलाच्या धाकट्या भावाची बायको, सगुणाबाई, त्यांना जेवायला बोलावत असे. वाळका भोपळा घेऊन ती विळ्याने त्याला दोन्ही अंगांना मोठाल्या खिडक्या कापी, आतला गर खरवडी, पाखरांना बसायला बाभळीची काडी आरपार घाली. मग बाजरी आणि भाकरीचा चुरा भरून तो भोपळा अंबाडीच्या दोरीने नदीकाठच्या हिवराच्या झाडाला टांगी. ही विद्या तिच्या नवऱ्याची, तुळाजीची. "सगळीच हाकलत्यात, सगुणा. कुणीतरी बोलवाया नगं व्हय?" असे तो म्हणे.

याच भोपळ्यावरून भावाभावांचे वाजले. "आमी राखण करायची आन् तू पाखरास्नी आवतन द्यायचं? चालता हो! पुन्यांदा तोंड दावू नगंस!" हैबती रागाने बोलला, आणि तुळाजी खरोखरच चालता झाला.

त्याला बारा वर्षे झाली. दर थंडीत सगुणाबाई भोपळा टांगी आणि पाखरे टिपू लागली की नदीपलीकडच्या वाटेकडे बघत बसे. वाटेवर लांब कुणी दिसले की तिचे काळीज हले. जवळ आल्यावर तो दुसराच कुणी निघे. मग ती उगाच पदर सारखा करी आणि घरी जाई. किती आठवण यायची तिला त्याची! बारा वर्षांत तिने एकदाही त्याच्या वाटणीची भाकरी थापायची टाळली नव्हती. तीच कुस्करून ती भोपळ्यात घाली.

बारा वर्षे पत्ता नाही त्याला मेला समजायचे, अशी तिथली रीत होती. पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, दहाव्याला पिंड ठेवायचा, आणि कावळा शिवला की बायकोच्या बांगड्या फोडायच्या. हैबतीने पुतळा जाळला. सगुणाबाई रडत महाराजांकडे धावली.

"म्हाराज, ते जित्ते हायती. माजं मन सांगतंय."

महाराज म्हणाले, "मग आई, पाखरांचे खाणे बंद करू नकोस." एवढेच!

दहाव्याच्या सकाळी ती भोपळा भरत असताना हैबती नदीवर आला आणि चारचौघांत हसला. "भर, भर! बारा वर्सं तुज्या हातचं खाऊन कावळं माणसाळल्यात. पिंड ठेवायचा अवकाश, तेच तुज्या बांगड्या फोडत्यात का न्हाई बघ!"

हे सगुणाबाईच्या ध्यानातच आले नव्हते. आपणच ज्यांना जेवू घातले, तेच आज आपले कुंकू पुसणार? तिने दोन्ही हात पदराखाली लपवले.

पिंड ठेवला. कावळे आलेच! पिंडाभोवती रिंगण धरून बसले, पण चोच एकही लावीना.

"तुज्या बायकोला अंतर देनार न्हाई," हैबती म्हणाला. कावळे गप्प. "तुज्या नावानं देवळाला कळस चढवतो." कावळे गप्प. ऊन डोक्यावर आले, लोक कुजबुजू लागले, तसा पाटील चिडला. "दर्भाचा कावळा करा आन् शिववा! आटपा एकदाचं!"

"थांब, हैबती." महाराज देवळाची पायरी उतरून आले. "गवताचा कावळा तुला हवे तेच करील. यांना खरे सांगून बघ. तुझ्या मनात काय आहे?"

हैबती पिंडापाशी खाली बसला. "दर साली हुरड्याचं पैलं कणीस भाजतो, म्हाराज. त्यो न्हाई म्हनून घशाखाली उतरत न्हाई. मेला म्हनलं की वाट बघनं तरी सुटंल, असं वाटलं व्हतं." आणि एवढा मोठा पाटील नदीकडे तोंड करून ओरडला, "तुळ्या, जित्ता असशील तर घरी ये रं!"

काय नवल सांगावे! सगळे कावळे एकदम उठले, हिवरावर गेले आणि सगुणाबाईच्या भोपळ्यातली भाकरी खाऊ लागले. पिंड ठेवला तसाच राहिला.

महाराज म्हणाले, "जिवंत माणसाच्या पिंडाला ते कसे शिवतील?"

"कुठं हाय त्यो, म्हाराज?"

"त्याला हाकलले कुणी?"

"म्या."

"मग बोलवायला कुणी जायचे?"

हैबतीने पागोटे काढले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. उठला तो सगुणाबाईकडे वळला. थोरला दीर असून तो तिच्यापुढे हात जोडून वाकला.

"पोरी, भाकरी बांधून दे," तो म्हणाला. "दोघांच्या बांध."