मातीच्या रानडुकरांचा माळ

एका राज्यात आरशांतून वाटा जात असत. ज्याच्या घरी तसा आरसा, त्याने सकाळी उठावे, तलवार कमरेला लावावी, आरशात पाऊल टाकावे, की तो थेट कर्दमनाथ मांत्रिकाच्या माळावर उतरे. उन्हे आली की त्या माळाच्या भुईतून मातीची रानडुकरे उठत. घाव बसला की डुक्कर ढासळे, त्याची धूळ होई आणि धुळीत एक लाल गुंज उरे. गुंज तलवारीच्या मुठीवर दाबली की आत मुरे. पुष्कळ गुंजा मुरल्या की तलवार एक पायरी चढे. बोथट असेल तर धार धरी, धारदार असेल तर उजेड देई. मारलेली डुकरे पुन्हा उठत. ती पुन्हा मारावीत, पुन्हा गुंजा वेचाव्यात. माळावर दुसरे काहीच घडत नसे, आणि तरी देशोदेशीची माणसे तिथे येत.

राजा सुकेतू राजपुत्र होता तेव्हा रोज तिथे जाई. माळावर कुणाला खरे नावगाव विचारायचे नाही, अशी रीत होती. सुकेतूला तिथे काजवा म्हणत. त्याचे सोबती दोन, धूमकेतू आणि वाघनखी. धूमकेतू ढाल पुढे करून डुक्कर अंगावर घेई, वाघनखी बगलेतून वार करी, काजवा उरलेसुरले संपवी आणि गुंजा वेची. ऊन डोक्यावर आले की तिघे बाभळीखाली बसून धूमकेतूच्या फडक्यातले फुटाणे खात.

पुढे सुकेतूच्या डोक्यावर मुकुट आला आणि आरशावर कापड पडले. वर्षे गेली. तरी कधी दरबारात फिर्यादी ऐकताना राजाचे उजवे मनगट आपोआप त्या जुन्या तालात हले, आणि कुठूनसा तापल्या मातीचा वास येई. मग समोरचा फिर्यादी काय बोलला, ते राजाला पुन्हा विचारावे लागे.

राजाला एकच लेक, तारावली. तिच्या कमरेला तलवार बांधायचा दिवस जवळ आला, तेव्हा राजाच्या मनाने घेतले, ‘माझे हात सोलवटले, ते पुरे झाले. पोरीच्या वाट्याला ती रखडपट्टी नको.’ त्याने दरबारच्या मांत्रिकांकडून आपसूक चालणाऱ्या तलवारी घडवून घेतल्या. त्यांना धरायला हात लागत नसे. त्या माळावर सोडल्या, आणि त्या दिवसभर न थांबता डुकरे कापू लागल्या. टोपल्या भरभरून गुंजा आल्या. माळावरची माणसे ते पाहून खिन्न झाली आणि एकेक करून घरी गेली.

साऱ्या गुंजा तारावलीच्या तलवारीत मुरवल्या. तलवार शेवटच्या पायरीला पोचली. तिथे स्वतः राजाही कधी पोचला नव्हता. ती लेकीच्या हाती देत तो म्हणाला, “बाळ, कंटाळ्याचे सारे मी उरकले आहे. तू आता फक्त पराक्रम कर.”

तारावलीने मूठ धरली. त्याच क्षणी तिच्या पायांची बोटे मातीची झाली.

वैद्य आले, पंचाक्षरी आले. माती घोट्यांवर चढली, मग गुडघ्यांवर. तेव्हा खिडकीत एक टिटवी येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने बोलली.

“राजा, तुझ्या तलवारींनी माळावरची माझी अंडी चिरली. तुला काही सांगू नये, असेच मनात होते. पण पोरीने काही केलेले नाही, म्हणून आले.”

“माते, उपाय सांग.”

“तीन कामे आहेत. तलवारी स्वतःच्या हातांनी मोड. जुने सोबती माळावर आण. आणि कर्दमनाथ जे विचारील त्याचे खरे उत्तर दे. माती ओठांना लागली की मग उपाय नाही.”

राजाने आरशावरचे कापड ओढले, तारावलीला तिच्या तलवारीसकट पाठुंगळी घेतले आणि माळावर उतरला. तलवारींना धनी कळत नसे. एकेक झेलून गुडघ्यावर मोडताना त्याचे तळहात रक्ताळले. शेवटची मोडली तेव्हा माळ शांत झाला, आणि राजाला ती शांतता ओळखीची वाटली.

मग आरशाच्या वाटेत तोंड घालून त्याने हाक दिली, “धूमकेतू! वाघनखी!”

पलीकडून बाईचा आवाज आला, “कोण रे? काजवा? मेला नाहीस अजून?”

वाघनखी आली ती पिठाच्या हातांनी. पापड लाटता लाटता उठली होती. केस पांढरे झाले होते. पाठोपाठ धूमकेतू आला, ढेरपोट्या, खांद्यावर बांगड्यांची पेटी. तो कुठल्याशा गावचा कासार होता, हे राजाला त्या दिवशी कळले.

“गुडघे गेले रे,” धूमकेतू म्हणाला. “आता डुकरानेच मला उचलून न्यावे. आणि हे तुझ्या डोक्यावर काय?”

“मी इथला राजा आहे. तेव्हा राजपुत्र होतो.”

वाघनखीने कमरेवर हात ठेवले. “राजपुत्र होतास, आणि मूठभर फुटाण्यांसाठी माझ्याशी भांडायचास?”

“ते फुटाणे खारे होते,” राजा म्हणाला. त्याला हसू आले आणि रडूही आले. मग त्याने लेक दाखवली. माती तिच्या कमरेला आली होती. धूमकेतूने पेटी खाली ठेवली आणि पाठीवरची जुनी ढाल हाती घेतली; वाघनखीने कमरेची तलवार उपसली.

उन्हे आली, डुकरे उठली. तिघे जुन्या रांगेत उभे राहिले. पहिली डुकरे पडली तेव्हा राजाला वाटले, आपण कधी इथून गेलोच नव्हतो. नंतर खांदा दुखू लागला. नंतर कंटाळा आला. तेच डुक्कर, तोच घाव, तीच धूळ. दुपार कलली तेव्हा वाघनखी मान न वळवता म्हणाली, “माझे धनी गेले. पाच वर्षे झाली. घरात कुणाला सांगता आले नाही, पण त्यांचा आवाज मला आता आठवत नाही.” तिने वार केला. डुक्कर ढासळले. पुढचे डुक्कर आले, ते धूमकेतूने अंगावर घेतले.

तेव्हा धुळीचा एक खांब उठला आणि त्यातून कर्दमनाथ उभा राहिला.

“राजा सुकेतू, माझा प्रश्न एकच. या माळावर तेच ते करण्यात सुख होते का?”

राजा चटकन म्हणाला, “होते, महाराज. आयुष्यातले सर्वांत मोठे सुख. प्रत्येक घाव अमृताचा होता.”

तारावलीच्या छातीवर माती सर्रकन चढली. तिने “आबासाहेब!” अशी हाक मारली, ती अर्धीच बाहेर आली.

“अरे लबाडा!” वाघनखी कडाडली. “अमृत काय? दिवसातून दहादा म्हणायचास, पुरे झाले, घरी जातो!”

“आणि जायचा नाही,” धूमकेतू हळूच म्हणाला.

राजाने तलवार जमिनीला टेकवली. माती लेकीच्या हनुवटीपाशी होती. तो सावकाश बोलू लागला.

“महाराज, डुकरे मारण्यात सुख नव्हते. पहिली चार मारताना मजा, मग कंटाळा. आजही कंटाळलो. पण हात कामात गुंतला की जीभ मोकळी होई. माझी आई गेली, ते मी प्रथम इथेच बोललो, यांच्याकडे न पाहता. आणि कधी कुणीच बोलत नसे. नुसता ताल चाले, आणि मन निवळे. तलवार एक पायरी चढली की वाटे, ही चढली कारण मी कंटाळून घरी गेलो नाही. सुख होते ते तेवढेच. ते कंटाळ्यातून वेगळे काढता येत नाही. मी काढायला गेलो. लेकीच्या वाट्याचा कंटाळा मी तिला न विचारता काढून घेतला.”

कर्दमनाथाने मान डोलवली. “खरे बोललास. शाप मी दिला नव्हता. जिने एक घाव घातला नाही तिच्या हाती हजारो घावांचे बळ दिलेस. ते पेलायला अंगात काही नव्हते, म्हणून अंग माती झाले.” त्याने फुंकर मारली. तारावलीची तलवार बोथट होऊन काळवंडली, आणि माती हनुवटीवरून उतरून गुडघ्यांवर थांबली. “एवढेच तुझ्या उत्तराने उतरते. उरलेली तिची तिने झाडायची,” असे म्हणून तो धुळीत मिसळला.

तारावली जड पायांनी उभी राहिली. समोर एक डुक्कर उठले. तिने बोथट तलवार फिरवली, घाव हवेत गेला, आणि डुकराने तिला उताणे पाडले.

“पहिल्या दिवशी काजवा असाच पडला होता,” धूमकेतू म्हणाला.

“असाच नाही, ओरडून पडला होता,” वाघनखी म्हणाली.

तारावलीला हसू फुटले. हसता हसता ती उठली. पुन्हा चुकली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा घाव डुकराच्या मानेला लागला, पण ते पडले नाही, आणि उजव्या गुडघ्यावरची माती तडकली. राजा तलवार उचलून धावला.

“आबासाहेब,” ती धापा टाकीत म्हणाली, “मध्ये येऊ नका. हे माझे डुक्कर आहे.”

राजा जागीच थांबला. त्याने तलवार म्यान केली आणि सोबत्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

सूर्य मावळेपर्यंत तारावलीची पावले मोकळी झाली. तिने एकच गुंज मिळवली होती. दुसऱ्या दिवसापासून राज्यातले आरसे पुन्हा पुसले गेले, माणसे माळावर परतली आणि टिटवीने नवी अंडी घातली. तारावली रोज जाई. ती कंटाळून परत येई, जेवताना धुळीचे हात पुसायला विसरे, आणि राजाने “आज काय झाले?” असे विचारले की म्हणे, “काही नाही. तेच.” मग ते तेच सांगायला तिला सबंध जेवण पुरत नसे.