शेठच्या गाडीवरचा ओरखडा

एकदा एक गुरू होता. आता गुरू म्हटलं की लगेच पांढरी दाढी, नदीकाठ, वडाचं झाड असलं काही डोळ्यांपुढं आणू नका. दाढी होती, पण ग्रीसचे हात पुसून पुसून ती निम्मी काळी झाली होती. नदी नव्हती, हायवे होता. आणि आश्रमाच्या जागी एक पत्र्याचं शेड होतं, तिथं गाड्यांच्या वायरिंगची कामं चालायची. दिवे, हॉर्न, सेल्फ, बॅटरी. अख्खा तालुका त्याला वस्ताद म्हणायचा. खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

या वस्तादचा एक शिष्य होता. निवास त्याचं नाव. वय अठ्ठावीस, आयटीआय पास, सहा वर्षं याच शेडात. हात असा सफाईदार, की त्यानं वायर ओढली म्हणजे गाडी त्या वायरीसकटच जन्माला आली असं वाटावं. तोंडाचं मात्र तसं नव्हतं. गोड बोलायचं असलं की पठ्ठ्या सुसाट, आणि खरं बोलायचं असलं की गाडी किकच घ्यायची नाही.

निवासच्या खिशात दोन महिने एक कागद होता. पुण्याच्या एका सर्व्हिस सेंटरात त्याला नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. आज अठ्ठावीस तारीख. वस्तादला अजून पत्ता नव्हता. तसा तो रोज सांगायला जायचा.

"वस्ताद, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"चहा सांगू का?"

दोन महिन्यांत वस्तादनं इतका चहा ढोसला की त्याला पित्त झालं, पण बातमी काही पोचली नाही.

त्यातच त्या दिवशी सकाळी वस्तादनं भानुदास पेंटरला बोलावून घेतलं. शेडावर नवा बोर्ड लावायचा होता, आणि त्यावर लिहायचं होतं, 'वस्ताद अँड निवास ऑटो इलेक्ट्रिकल्स'. भानुदासनं पत्र्याला पांढरा रंग फासला आणि उन्हात वाळत ठेवला. म्हणाला, "दुपारी अक्षरं काढतो."

त्या ओल्या पांढऱ्या पत्र्याकडं बघून निवासनं खिशातला कागद चाचपला. आता दुपारच्या आत बोलायलाच हवं होतं. नाहीतर ज्या नावाचा माणूस तीन दिवसांनी पुण्यात असणार, ते नाव इथं वर्षानुवर्षं उन्हात तळपत बसणार, आणि खाली म्हातारा एकटा.

तो उठला, वस्तादपाशी गेला, तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर धडधडधड करत एक गाडी थांबली.

गाडीवरून उतरले ते शेठ, बेदाण्याचे व्यापारी. वय बावन्न. डॉक्टरनं त्यांना रोज पायी फिरायला सांगितलं होतं, तर यांनी फिरायलाच म्हणून ही भली थोरली मोटरसायकल घेतली. दोन्ही बाजूंना पेट्या, गुडघ्याला कवच, जॅकेटला चौदा खिसे आणि त्यातल्या एका खिशात बेदाणे. गाडी अशी काळी कुळकुळीत की टाकीत बघून भांग पाडावा.

"उद्या सकाळी लडाखला निघतोय, दहा जण आहोत," शेठ म्हणाले. "पुढं दोन फॉग लाइट बसवून द्या. तिकडं घाटात धुकं असतं म्हणे. पण एक ध्यानात ठेवा, रंगाला ओरखडा पडता कामा नये. घरात बायकोलाही हात लावू देत नाही मी."

"कुणाला?" भानुदासनं लांबून विचारलं.

"गाडीला!" शेठ खेकसले.

निवास लगेच पुढं. "शेठ, नख लागणार नाही. माझा शब्द."

आणि काम सुरू झालं. दोन्ही दिवे पुढच्या लेगगार्डवर बसले. रिले, म्हणजे दिव्यांना करंट सोडणारी डबी, बॅटरीशेजारी, बटण डाव्या मुठीपाशी. लाल वायर टाकीखालून अशी नेली की शोधून सापडू नये. हँडल पूर्ण वळवलं तरी ताण येऊ नये म्हणून तिथं थोडी ढील. काळी वायर त्यानं पुढच्या एका बोल्टखाली घातली, सुटसुटीत दिसावं म्हणून इंडिकेटरचीही काळी वायर तिथंच घेतली, आणि बोल्ट अलगद आवळला. रंगाला धक्का नाही. शेठनं वाकून बघितलं आणि खूश होऊन त्याच्या हातावर चार बेदाणे ठेवले.

मग उजेड बघायला शटर खाली ओढलं. शेडात अंधार झाला. निवासनं बटण दाबलं. रिले टिक करून बोलला. आणि दिवे लागले. लागले म्हणजे काय, आजारी काजवा बरा म्हणायचा.

"हे काय?" शेठ म्हणाले. "यापेक्षा माझ्या देवघरातली समई बरी की!"

निवास गडबडीनं खाली वाकला आणि त्याच्या कोपराचा धक्का इंडिकेटरच्या बटणाला लागला. इंडिकेटर मिचकायला लागला, आणि काय आश्चर्य! तो पेटला की फॉग लाइट मान टाकायचे, तो विझला की मान वर करायचे. पेटला, खाली. विझला, वर.

"अरे, मी दिवे मागितले होते, नंदीबैल नव्हे!" शेठ ओरडले. "पाऊस पडेल का विचारू आता यांना?"

पण निवासचं शेठकडं लक्षच नव्हतं. तो कागद विसरला, बोर्ड विसरला, उकिडवा बसून त्या माना डोलावणाऱ्या दिव्यांकडं बघत राहिला. असं कसं होतंय? इंडिकेटरची लाल वायर वेगळी, याची वेगळी. दोघांची ओळखपाळख नाही, मग हा त्याच्या तालावर नाचतोय कशाला? त्यानं उजवा इंडिकेटर लावून बघितला. तेच. ब्रेक दाबला. काही नाही. लेगगार्डवर पाय देऊन दाबलं, तर दिवे क्षणभर लख्ख झाले आणि पुन्हा पडले. त्यानं रिले बदलला. फ्यूज बदलला. दुसरी बॅटरी जोडून बघितली. दिवे आपले नंदीबैलच.

वस्ताद कोपऱ्यात उलट्या खोक्यावर बसून हे सगळं बघत होता.

"वस्ताद, जरा बघता का?"

"तू काय काय बघितलंस?"

"बॅटरीपासनं दिव्यापर्यंत सगळं बघितलं."

"आणि दिव्यापासनं बॅटरीपर्यंत?"

निवास गोंधळला. "तीच की वाट."

"जायची आणि यायची वाट एकच आसती व्हय रे?"

असं म्हणून वस्ताद उठला. त्यानं पुढचा तो बोल्ट काढला. खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि शेठच्या त्या काळ्या कुळकुळीत गाडीवर, बरोब्बर बोल्टच्या जागी, खसाखसा घासायला सुरुवात केली.

"अहो! अहो वस्ताद!" शेठच्या घशात बेदाणाच अडकला. "काय करताय काय?"

"खरडतोय."

"माझी गाडी आहे ती!"

"म्हणून तर खरडतोय. दुसऱ्याची कशाला खरडू?"

निवासनं डोळेच मिटले. सहा वर्षांत त्यानं म्हाताऱ्याला गिऱ्हाइकाच्या वस्तूला फडक्याशिवाय हात लावताना बघितलं नव्हतं. याला आज झालंय तरी काय?

काळा रंग निघाला. खाली कांद्याच्या पाकळीएवढं पांढरंफेक लोखंड उघडं पडलं. वस्तादनं दोन्ही काळ्या वायरी त्यावर टेकवल्या, बोल्ट कचकन आवळला आणि म्हणाला, "लाव बटण."

टिक.

आणि समोरच्या भिंतीवर असा उजेड आदळला की तिथली पाल दचकून छपरात पळाली. पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकत होतं, त्यावरची एकादशीसुद्धा वाचता यायला लागली. निवासनं इंडिकेटर लावला. इंडिकेटर एकटाच मिचकत राहिला. नवे दिवे ढिम्म, वाघासारखे समोर बघत.

शेठच्या तोंडाचा आ मिटेना. एवढ्यात वस्तादनं डब्यात बोट घालून ग्रीस काढलं आणि त्या बोल्टवर चोपडलं.

"आता ही आणि कसली घाण?"

मग वस्ताद गाडीच्या शेजारीच जमिनीवर बसला आणि बोलला. तो फार बोलायचा नाही, म्हणून बोलला की भानुदाससुद्धा ब्रश धरून थांबायचा.

"शेठ, लाल वायरीनं करंट जातो. समदे तिचेच लाड करत्यात. तिला फ्यूज, तिला रिले, तिला बटण. पण नुसतं जाऊन उजेड पडत न्हाई. गेलेला परत यावा लागतो, तेव्हा दिवा लागतो. परतीची वाट म्हंजी ही काळी वायर, हिचंच नाव अर्थिंग. तिला लोखंडाला लोखंड भिडावं लागतं. मधी रंग आला, मग तो किती का सुंदर आसंना, वाट बंद. मग करंट बिचारा शेजाऱ्याच्या दारातनं घुसाघुशी करत घरला येतो. म्हणून इंडिकेटरनं डोळा उघडला की ह्यो मान टाकत हुता."

"आणि हे ग्रीस?"

"खरडलेलं उघडं टाकलं तर दोन महिन्यांत गंजतंय. मग पुन्हा वाट बंद. खरडणं हे अर्धंच काम. खरडायचं, भिडवायचं आणि वर माया लावायची. नुसता रंग लावील तो रंगारी, नुसता खरडील तो उंदीर."

"ओ वस्ताद," बाहेरून भानुदास ओरडला, "रंगाऱ्याला मध्ये आणू नका!"

शेठ हसले. पण निवासला हसू आलं नाही. तो पुढं झाला.

"शेठ, चूक माझी. खरडायला हवं हे मला ठाऊक होतं. तुम्ही रागवाल म्हणून रंगावरच आवळलं."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"आणि तिकडं घाटात, धुक्यात ह्यांचे दिवे गेले आसते म्हंजी?" वस्ताद म्हणाला. "तुझ्या गोड शब्दानं उजेड पडला आसता व्हय?"

शेठनं बोल्टाजवळचं ग्रीस लागलेलं ठिकाण दोनदा निरखलं, एकदा सुस्कारा सोडला, मग कुणालाही न विचारता सगळ्यांच्या हातावर बेदाणे ठेवले आणि गाडी काढली. वळताना इंडिकेटर दिला. दिवे हलले नाहीत.

शेड शांत झालं. आणि निवासनं बाहेर बघितलं, तर बोर्डावर लाल अक्षरं उभी राहिलेली. 'वस्ताद अँड'. भानुदासनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला होता आणि एक डोळा मिटून 'नि'ची जागा मापत होता.

"थांब भानुदास!" निवास ओरडला. मग वळला. "वस्ताद, एक बोलायचं होतं."

"बोल की."

निवासनं तोंड उघडलं. "चहा..."

वस्तादनं ग्रीसचं बोट वर केलं. "चहा नको. पित्त झालंय."

निवासनं खिशातला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता.

"मी पुण्याला चाललोय. नोकरी लागलीय. एक तारखेला जायचंय. दोन महिने झाले, तुम्हाला सांगितलं नाही."

भानुदासच्या ब्रशातून एक लाल थेंब त्याच्याच चपलेवर पडला. वस्तादनं कागद हातात घेतला नाही. नुसता बघितला. दाढीवरून एकदा हात फिरवला, ती आणखी काळी झाली.

"दोन महिने," तो म्हणाला. "तू तोंड उघडायचास आणि चहा यायचा. मला वाटायचं, ह्यो पोरगा मला चहाच पाजून मारणार."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं की. वाटतंयच." वस्ताद म्हणाला. "पण लोखंडापर्यंत आलास, ते बरं झालं."

आणि त्यानं पायानं ग्रीसचा डबा निवासकडं सरकवला.

निवास डब्याकडं बघत राहिला. एरवी गोड बोलायला त्याला विचार करावा लागायचा नाही. आज एकेक शब्द जड यायला लागला.

"दिवाळीत बॅटऱ्यांची कामं वाढतात," तो म्हणाला. "तुमचे गुडघे दुखतात. मी येतो तेव्हा. चार दिवस."

"आठ," वस्ताद म्हणाला.

"आठ."

"ओ!" भानुदास आता रडकुंडीला आला होता. "तुमचं ठरलं, पण मी 'अँड' लिहून बसलोय! पुढं काय लिहू? वस्ताद अँड कोण?"

वस्ताद बाहेर गेला. 'अँड'च्या पुढची जागा त्यानं नीट बघितली. खिशातून पॉलिश पेपर काढला आणि त्या कोऱ्या पांढऱ्या रंगावर खसाखसा घासायला लागला.

"अहो! अहो वस्ताद!" भानुदास थेट शेठच्या आवाजात किंचाळला. "काय करताय काय? आत्ता वाळलाय तो!"

पत्रा उघडा पडला. वस्तादनं मागं न बघता हात पुढं केला. निवासनं डबा धरला. बोटभर ग्रीस त्या जागेवर बसलं, आणि त्याच्यापुढं भानुदासनं, नाक मुरडत, 'ऑटो इलेक्ट्रिकल्स' लिहिलं.

बोर्ड अजून तसाच आहे. ग्रीस वाळलं की वस्ताद शिडी लावून पुन्हा लावतो. दिवाळीचे आठ दिवस मात्र शिडीवर दुसराच कुणी असतो. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास वर बघतं आणि विचारतं, "वस्ताद, नावाच्या जागी तो डाग कसला हो?"

वस्ताद हातातली वायर सोलत म्हणतो, "डाग न्हाई तो. अर्थिंग हाय."