पगडबंदाने मागितलेली जागा

फार जुनी गोष्ट. डोक्यावर पगडी नसली तर माणूस घराबाहेर पडत नसे, त्या काळातली. एका नगरात पगड्या बांधण्याचा मोठा कारखाना होता. तिथे तीस पगडबंद काम करत. रोज सकाळी मडक्यात हात घालायचा, आकडा लिहिलेली एक खापरी काढायची आणि त्या आकड्याच्या जागेवर बसायचं, असा तिथला नियम. "इथे कोणी लाडका नाही, कोणी दोडका नाही," असं कारभारी अभिमानाने सांगे.

त्या तिसांतला एक पगडबंद मात्र मडकं जवळ येऊ लागलं की दाराजवळचा आकडा निघू नये म्हणून देवाचा धावा करी. मागच्या कोपऱ्यातली जागा मिळाली तर त्याचा हात सुरेख चाले. पण दाराजवळची मिळाली की गाड्यांचा खडखडाट, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, सगळं एकदमच डोक्यात शिरे. त्यातच कारभारी मागून येऊन पाठीवर थाप मारी आणि ओरडे, "अरे, लाल नको, केशरी घे!" मग चुण्यांची मोजणी पार विस्कटून जाई. अशा दिवशी घरी गेल्यावर त्याला कोणाशी बोलवत नसे, घास उतरत नसे.

त्याच्या दोन पगड्या वाकड्या निघाल्या होत्या. तिसरी निघाली की काम सुटणार, हे ठरलेलं. आणि पगडी बांधण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही करावंसंही वाटत नव्हतं.

मागावं का? मागितलं तर वेडा म्हणतील. न मागितलं तर तिसरी पगडी आज ना उद्या वाकडी होणारच. एका सकाळी तो तीन वाक्यं पुटपुटत निघाला. कारखान्याच्या दारात पोचेपर्यंत त्यातलं मधलं विसरला. परत फिरला, रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि आठवल्यावर पुन्हा आला.

आत कारभारी एका जाडजूड पाटलांच्या डोक्याचं दोरीने माप घेत होता. पगडबंद समोर उभा राहिला. नजर जमिनीवर.

"कारभारी, मला रोज कोपऱ्यातलीच जागा द्या. काम बदललं तर पाटीवर लिहून द्या. आणि मागून हात लावू नका, समोरून या."

सगळे माना वळवून बघू लागले. मग एक म्हातारा पगडबंद खिदळला, "अन् मला पालखी द्या, कारभारी! येताजाता बरी पडेल."

सगळे हसले. पगडबंदाचे कान तापले. पळून जावंसं वाटलं, पण तो तिथेच उभा राहिला.

कारभारी वाईट माणूस नव्हता. आवाज उतरवून तो म्हणाला, "बरं वाटत नाही का रे तुला? मग महिनाभर घरी बस. आराम कर."

याचं उत्तर पगडबंदाने पाठ केलेलं नव्हतं. "आराम नको मला," तो अडखळत म्हणाला. "काम करायचंय, म्हणून तर मागतोय."

"अरे, पण तुला एकट्याला कसं देऊ? इथे सगळ्यांना सारखंच."

"मग माझ्या टाळक्याला ही दोरी कशाला गुंडाळलीय?" पाटील मान न हलवता म्हणाले. "सारखंच ना? द्या तुमचीच पगडी माझ्या डोक्यावर ठोकून!"

कारभारी हातातल्या दोरीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "आठ दिवस बघू."

पगडबंदाला नवीच धास्ती लागली: आता आपल्याला चमत्कार करून दाखवावा लागणार. चमत्कार काही झाला नाही. तो इतरांएवढ्याच पगड्या बांधू लागला. फक्त त्यातली एकही वाकडी निघेना. रस्त्यावरचा खडखडाट अजून कधीमधी डोक्यात शिरे, पण संध्याकाळी तो घरच्यांशी चार शब्द बोले आणि पोटभर जेवे.

नवव्या दिवशी तो खिदळणारा म्हातारा कारभाऱ्याजवळ गेला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मला खिडकीपाशी बसवाल का? टाका घालताना सुई दिसत नाही हो. दोन वर्षं झाली. सांगायचं भ्या वाटत होतं."

कारभाऱ्याने मडकं खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून विचारलं, "आणखी कोणाला काय लागतं?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तात्पर्य, मुलांनो आणि मोठ्यांनो: सगळ्यांना एकाच मापात कोंबलं की न्याय होत नाही. ज्याला जे लागतं ते त्यालाच विचारून द्यावं. आणि ज्याला लागतं त्याने घाबरत घाबरत का होईना, पण मागावं.