बाहेरची चाकं

चांदेगडच्या रणधवलराजांना एकदा स्वावलंबनाची लहर आली. "वाड्याला लागणारी प्रत्येक वस्तू वाड्यातच घडेल. बाहेरून काहीही आणायचं नाही!" असं फर्मानच त्यांनी काढलं.

युवराजांचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. वरातीच्या रथाची चाकं नेहमी शेजारच्या गावचे कारागीर करत. या वेळी ती वाड्यातल्या सुतारांनी केली, आणि पहिल्याच फेरीत रथ आडवा झाला.

भर दरबारात राजे मुख्य सुतार धाकोजींवर गरजले, "पुन्हा करा! नाही जमलं तर सगळ्यांना घरी पाठवीन."

धाकोजींनी हात जोडले. "करतो, महाराज. पण मग नवरीही वाड्यातलीच शोधावी लागेल. बाहेरून आणली तर हुकूम मोडेल."

राजांच्या मिशा थरथरल्या आणि मग ते खो खो हसत सुटले.

"मग वाड्यात करायचं तरी काय?"

"आम्हाला चांगलं जमतं ते, महाराज. सांगाडा आणि नक्षी आमची, चाकं त्यांची."

"मागवा चाकं!" म्हणत राजे हळूच पुटपुटले, "राणीसाहेबांना यातलं काही कळू देऊ नका."

पडद्याआडून आवाज आला, "कळलंय! मीही बाहेरचीच, म्हणून माहेरी जायला मेणा सांगितलाच होता."