हरिणीचे डोहाळजेवण

मोहाच्या झाडांनी गच्च भरलेल्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. त्या जंगलाची एक रीत होती आणि ती मोठ्या हौसेने पाळली जाई. चैत्रात मोहाची फुले गळली की म्हातारी अस्वलीण ती वाळवून ठेवी आणि वर्षभर खडकातल्या एका कुंडात भिजत घाली. चार दिवसांत पाणी आंबून फसफसू लागे. मुलांनो, असले पाणी म्हणजे दारूच. जो तो येऊन ती पिई आणि झिंगे. कोणी गर्भार राहिली की तिचे डोहाळजेवणही त्या कुंडाकाठीच होई आणि पहिला घोट तिला पाजला जाई. त्याने पोटातले बाळ धष्टपुष्ट होते, असे अस्वलीण सांगे, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या खेपेला हरिणीनेही तो घोट घेतला होता, आणि मग रोजच घेत राहिली. तिचे पाडस जन्मले ते अगदी एवढेसे. उभे राहायला त्याला तीन दिवस लागले, आणि आईने हाक मारली तर ते भलत्याच दिशेला जाई. हरिणीचा त्याच्यावर फार जीव होता. चूक त्या पोराची नव्हती, हे तिला कळत होते. मग कोणाची? तिने वर्षभर डोळे उघडे ठेवून पाहिले. नदीपलीकडच्या हरिणी नुसत्या गवतावर आणि झऱ्याच्या पाण्यावर राहत, आणि त्यांची पाडसे जन्मल्या दिवशीच दुडूदुडू धावत. काय समजायचे ते ती समजली.

"अहो, दुसरं बाळ हवं असेल तर कुंडाचा नाद सोडा. मी सोडला," एके दिवशी ती आपल्या नवऱ्याला, काळविटाला म्हणाली.

काळवीट हसला. "बाळ तुझ्या पोटात वाढणार. मी प्यायलो तर त्याला काय होणार?"

"ते निम्मं तुमच्याकडूनच येणार ना? मग निम्मी काळजी तुमची."

दोन दिवस काळवीट फुरंगटून बसला आणि तिसऱ्या दिवसापासून मुकाट्याने झऱ्यावर जाऊ लागला.

पुढे हरिणीला दिवस गेले. डोहाळजेवणाला सारे जंगल जमले. अस्वलीण पळसाच्या पानाचा द्रोण भरून पुढे आली. हरिणीने मान फिरवली.

"मावशी, तुमची माया मला कळते. पण हे मी पिणार नाही."

"अगं, घोटभर घेतल्यानं काय होतंय? आम्ही नाही का प्यायलो?"

"घोटभरही नको," हरिणी म्हणाली.

काळवीट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "मलाही नको, मावशी."

अस्वलीण चिडली. "कोरड्या डोहाळजेवणाचं पोर काटकुळं निघेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

माकडांनी तर कितीतरी दिवस त्या दोघांची टर उडवली. हरिणीला रडू येई, भीतीही वाटे. पण झऱ्याची वाट तिने सोडली नाही.

एका सकाळी माळावर तिला पाडस झाले. त्याला चाटून कोरडे करते न करते तोच रानकुत्र्यांचा कळप झाडीतून बाहेर पडला. काळवीट थोरल्याला पुढे घालून निघाला. हरिणी मात्र धाकट्याजवळ थांबली. त्याला टाकून ती जाणार नव्हती.

"ऊठ बाळा," ती म्हणाली.

पाडस उठले, कोलमडले, पुन्हा उठले आणि आईच्या हाकेमागे असे सुटले की रानकुत्रे धापा टाकत मागे राहिले. नदी ओलांडून हरिणी काळविटाजवळ आणि थोरल्याजवळ पोचली. तिने वळून पाहिले, तर पाडस तिच्या पोटाला ढुशी देऊन दूध मागत होते. आनंदाने तिचे डोळे भरून आले. साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशी हाक तिने घातली.

संध्याकाळी अस्वलीण आली. तिने पाडसाचे चारही पाय चाचपून पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माझी सून गर्भार आहे. तिच्या डोहाळजेवणाला काय करू, ते तूच सांग, बाई."

"मध आणि जांभळं," हरिणी म्हणाली. "आणि लेकालाही तेच वाढा, मावशी."

दुसऱ्या दिवशी अस्वलिणीने आपल्या हातांनी धोंडे लोटून ते कुंड बुजवून टाकले.

तात्पर्य : होणाऱ्या बाळाची काळजी ते पोटात येण्याआधीपासून घ्यावी लागते, आणि ती आईइतकीच बापानेही घ्यायची असते; अशा वेळी मद्याच्या एका घोटाचा आग्रहही मोडायला कचरू नये.