शेरेबुकातला धडा

धरणाच्या पाण्यापलीकडे ढोले बाईंची शाळा होती. वर्ग सात आणि शिक्षक एकट्या बाई. मुलं घरी गेली की बाईंच्या बोलण्याला हुंकार द्यायला छपरातली पाल तेवढी उरायची. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

एके दिवशी तपासणीला रणपिसे साहेब नावेतून उतरले. बूट चिखलात रुतल्यामुळे ते आधीच भडकले होते. सातवीच्या मुलांवर त्यांनी आवाज चढवला, "इंग्रजीत जर-तरची वाक्यं येतात का रे कुणाला?"

चिमी पावरा उठली आणि इंग्रजीत घडाघडा बोलून गेली, "पूल झाला तर दुसरे शिक्षक येतील. निधी आला तर छप्पर बदलेल. पुन्हा अर्ज केला तर बाईंच्या बदलीचा विचार होईल."

साहेब चाटच पडले. "एकही चूक नाही! पण बाई, पाठ्यपुस्तकं तर अजून पोचलीच नाहीत. मग शिकवलंत कशातून?"

बाईंनी शाळेचं शेरेबुक पुढे केलं. "यातून. तपासणीला येणारे साहेब जाताना इंग्रजीत शेरा लिहितात. नऊ वर्षांत जर-तरशिवायचा शेरा एकही नाही."

साहेबांनी पानं चाळली. मधल्या एका पानावर त्यांचीच जुनी सही निघाली. त्यांनी पेन काढलं खरं, पण ते कागदाला टेकेना.

"लिहा ना साहेब," बाई हळूच म्हणाल्या. "ही मुलं यंदा शाळा सोडतील. नव्यांना शिकवायला मी आहेच इथे."